विहीणबाईंचा अबोला

...नाही, पण लादी पुसणाऱ्या बाईला कशाला दाखवायचं असलं काही? तुम्हाला सांगते, चौथी शिकलेली मी, प्रयोगशाळेत पोछा मारते, त्यांच्या बशीत काय पोहतंय ते घेऊन मला काय करायचंय? पण तिथल्या मॅडमना बोलायला कुणीतरी लागतं! “मावशी, इकडे या. ही बेडकाची अंडी. आत एका बाजूनं निरोप येतो, पाठ हो, डोकं हो. समोरून दुसरा, पोट हो, पोट हो! दोघांची ओढाताण चालते, म्हणून मधला जीव नीट घडतो.” म्हटलं, अगं बाई, हे तर आमच्या घरी चाललंय! पोरीला सातवा महिना, सासर वरच्या मजल्यावर, मी खाली. मी जिन्यातून ओरडते, “ताठ बस, पाठ सांभाळ!” की विहीणबाई आतून, “खा गं, पोटभर खा, लोळ!” त्या आतल्या बिचाऱ्यानं ऐकायचं तरी कुणाचं?

आणि मग मॅडमनी दुसरी बशी पुढे केली... “यात पोटवाला निरोप बंद केलाय.” मी वाकले. पोट नाहीच हो! नुसतं डोकं, आणि त्याला चौफेर डोळे... काळे, मोहरीहून बारीक. मी डावीकडे सरकले, बघतंय. उजवीकडे सरकले, तरी बघतंय! फडकं तिथंच टाकलं आणि घर गाठलं.

तर जिना गप्प. आमचा जिना, गप्प! पोरगी म्हणते, “आई, सकाळी तू सासूबाईंना म्हणालीस ना, माझ्या पोरीचं पिंप केलंत? तेव्हापासून अबोला धरलाय त्यांनी.” सात महिने देवाला हेच मागत होते मी! आणि आता? आता नुसती मीच उरले, पाठ पाठ करणारी! आतल्या बिचाऱ्यानं ऐकायचं तरी कुणाचं?... मी डावीकडे सरकले. पोरीच्या गाऊनखाली काहीतरी डावीकडे फिरलं.

गेले तडक वर, विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात. “विहीणबाई, चुकलं माझं. पण बोला हो! भांडा!”

“का म्हणून?”

“नातवंडाला नुसते डोळे येतील!”

बाईंनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “वेड लागलंय तुम्हाला. ताठ बसवून बसवून पोरीची फुंकणी केलीत, आणि आता...” सुटल्या की! तिकडे पोरगी ओरडली, “आई, लाथ मारली गं!”

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, “मावशी, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातं.” असेल! तुमच्या बशीत आमच्या विहीणबाई नाहीत.

आता रोज कामावरून येते, पाय मोडून आलेले, तरी जिन्यात उभी राहते आणि वर हाक मारते, “विहीणबाई, आज भांडायचं नाही का?” काय करता... नातवंडाला पोट हवंय, तर विहीणबाईंचं तोंड सोसलंच पाहिजे!