कोनाला धडकलेले कण

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या ड्रायव्हिंग लायसन्स ऑफिसात, रांगेत माझ्यामागे मायलेकी उभ्या होत्या.

“रुही, मागच्या टेस्टला सरळ रस्त्यात तो नारिंगी कोन उडवलासच कसा गं?”

“आई, कॉलेजात आम्हाला अभ्यासाला एक रोमन कवी आहे. तो म्हणतो, कण सरळ पडता पडता उगाचच जरासे वळतात. त्यातूनच हे जग तयार झालं.”

“जग झालं, लायसन्स राहिलं. आज नापास झालीस तर सोमवारपासून तुला जॉबला मी सोडणार. आत येऊन बॉसलाही भेटणार.”

“आई, प्लीज!”

“मग गाडीतल्या गणपतीला नमस्कार कर.”

“कवी म्हणतो, देव आपल्यात लक्षच घालत नाहीत.”

“बरं. चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं होतं, त्याचं सरबत करते.”

“एकच आणलंस? चाकं तर चार आहेत!”