ब्रीदरचं तेल आणि बायकोचं डोकं

तुमी आता पासिंगला एजंट धरता, गड्यांनो; माझी मोटारसायकल कशी पास झाली ते ऐका.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या वर्षीची गोष्ट. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी घेऊन मी तिचं इंजिन खोलून मोठं केलं. पळायची लय भारी, पण इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतनं रस्ताभर तेल गळायचं. पहिल्या खेपेला गाडी नापास करून पासिंगचे साहेब म्हणाले, "आणखी एकच संधी देतो. थेंब पडला तर गाडी भंगारात घाला."

घरी डोक्याला हात लावून बसलो. बायको म्हनली, "आवं, तेल रस्त्यावर सोडताच कशाला? डब्यात झेला की!"

सीटखाली पत्र्याचा डबा बसवला, नळी त्यात सोडली, वाफ जायला वर भोक ठेवलं. साताऱ्याला दोघंबी गेलो.

साहेबांनी आधी यवतेश्वरचा घाट चढून यायला लावलं. मग तापल्या इंजिनाखाली पांढरा कागद अंथरला. दहा मिनिटं आमी कागदावर डोळे लावून उभं. कागद कोरा!

"डोकं कुणाचं?" सीटखालच्या डब्याकडं बघत साहेबांनी विचारलं.

"हिचं, साहेब."

साहेबांनी गाडीच्या बुकावर शिक्का हाणला आणि रांगेतल्या गाडीवाल्यांना ओरडून सांगितलं, "तेल गळणाऱ्यांनी आधी या बाईंना भेटा!"