जोडीचा हट्ट

मंडळी, एक सांगा. एखाद्यावर माया करायची, तर त्याला काय हवं ते बघायचं, की आपल्याला काय बरं वाटतं ते? लगेच माना डोलावू नका! आधी ऐका.

मिरजेत नलिनी आवटी नावाची बाई. थोरली मुलगी शिकायला पुण्याला गेली, तेव्हापासून धाकटी रेवा गप्प. जेवेना, बोलेना. एक दिवस म्हणाली, "आई, मला हॅम्स्टर हवा."

हॅम्स्टर म्हणजे काय, आजोबा? उंदराचा शहरी मावसभाऊ! दाणे कोंबले की गाल असे फुगतात, जसे आमच्या पेटीवाल्या बुवांचे— हसू नका, ते सूर सोडतील.

नलिनी दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा मोठा सोनेरी. हातात बसतो, पण पिंजऱ्यात एकटाच ठेवायचा. हे बुटके फार चपळ. लांबून बघायचे."

घरी आली, तर प्रत्येकाचं मत तयार. नवरा म्हणाला, "बुटके आण, पाहुण्यांना दाखवता येतील." सासूबाई म्हणाल्या, "उंदीरच हवेत ना? माळ्यावर आहेत की." रेवा म्हणाली, "मला हातात घ्यायचाय."

नलिनी वैतागली. "मत सगळ्यांना आहे. पिंजरा कोण धुणार?" सगळे गप्प. आता कसं शांत वाटलं!

दुसऱ्या दिवशी तिनं सोनेरी निवडला. पण पैसे देताना तिनं हात मागे घेतला. "एकटा कसा राहील बिचारा? दोन द्या."

"वहिनी, भांडतील हो."

"आमच्या घरातही भांडतात. राहतातच ना?"

दुकानदारानं हात जोडले आणि दिले.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी रेवा रडत आली. एकाचा कान फाटलेला, रक्त आलेलं, दुसरा कोपऱ्यात दात दाखवत उभा. नलिनी पिंजऱ्याकडे बघून ओरडली. "एकत्र खातात, एकत्र झोपतात, तरी यांना भांडायचं काय असतं?"

जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी कान पुसला. म्हणाल्या, "ताई, हा मुळात एकट्यानं राहणारा जीव. त्याला सोबत नको असते. तुम्हीच त्याच्या घरात परका घातलात."

रिक्षातून घरी येताना हॅम्स्टरचा खोका रेवाच्या मांडीवर होता. ती हळूच म्हणाली, "आई, एकटं त्याला वाटत नव्हतं. मला वाटत होतं. ताई गेल्यापासून तू आमच्या खोलीत येतच नाहीस."

का जात नव्हती नलिनी? थोरलीचा रिकामा पलंग बघवत नव्हता म्हणून! स्वतःचं दुखणं तिनं मुक्या जिवावर लादलं, आणि ज्या लेकीला खरंच सोबत हवी होती, तिच्या दारावरून रोज मुकाट्यानं निघून गेली.

कानाची जखम भरली, पण खाच राहिली. दोघांना दोन पिंजरे झाले. नलिनी संध्याकाळी थोरलीच्या पलंगावर बसू लागली. पहिल्या दिवशी रेवा तिला नुसती टेकून बसली.

आता तुम्ही! हसताय काय? पोराला गाणं हवं, तुम्ही त्याला गणित देता. सुनेला घटकाभर निवांतपणा हवा, तुम्ही चार पाहुणे बोलावता. वर म्हणता, एवढं केलं तरी यांचं तोंड वाकडंच! अहो, विचारलंत का कधी?

देवालाही तुम्ही तुमच्याच आवडीचा नैवेद्य दाखवता. तो बिचारा खातो. घरची माणसं का खातील? उठा, घरी जा, आणि आज एकदा तरी विचारा— तुला काय हवं? मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हेच अवघड आहे. बोला, पांडुरंग हरी!