मोटारीला नांगर

...हो, हो, नांगरच! मोटारीला नांगर! होडीचा, लोखंडी, दातेरी, दोरासकट! हसा. हसायला काय जातं तुमचं! पण हसण्याआधी मला एक सांगा, तुमच्यापैकी कुणी जन्मात एक तरी मोटार स्वतःच्या हाताने बांधली आहे? सायकलची साखळी पडली तर रस्त्यावरच्या माणसाला 'ओ दादा, जरा बघता का' करणारी माणसं तुम्ही, आणि बाबलीला हसता?

बाबली म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या घरात आणि माझ्या घरात एक माड आडवा, बाकी सगळं एकच. मी सहदेव. माझा या भानगडीशी संबंध काय म्हणाल, तर नांगराचा दोर माझ्या हातात होता. आता कळलं मी का तापतो ते?

तर ऐका. गेल्या सालची, छप्पनची गोष्ट, आमच्याकडे एस्टी अजून यायची आहे, आणि मालवणहून कट्ट्याच्या बाजाराला जायला एकच खासगी सर्विस मोटार. बाबलीची आई यमुनाबाई मासे विकते. किनाऱ्यावर लिलावात बांगडे घ्यायचे, पाटी भरायची, आणि सर्विस पकडून कट्टा गाठायचा. त्या दिवशीही बाई तिकीट काढून, पाटी पायाशी ठेवून, खिडकीला बसली होती. तेवढ्यात एक कोटवाले गृहस्थ चढले, इस्त्रीचा कोट, हातात छत्री, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "अहो क्लीनर, हा काय वास! माणसांनी बसायचं कसं?" आता मला सांगा, समुद्राकाठी सर्विस मोटार, त्यात माशांचा वास नाही येणार तर काय केवड्याचा येणार? आणि हेच गृहस्थ दुपारी घरी गेले की "बांगड्याचं तिखलं झालं का गो?" म्हणून पाट मांडून बसणार! खाताना वास येत नाही, नेताना येतो! पण क्लीनर गणपत, त्याला कोट दिसला, बाई दिसली नाही. म्हणाला, "यमुनाबाय, उतर गो."

"उतरू? तिकीट काढलंय मी!"

"तिकिटाचे पैशे घे, पण उतर. लोकांका वास येता."

उतरवली हो! भर स्टँडावर, सगळ्यांच्या देखत. बाईने पाटी डोक्यावर घेतली आणि कट्ट्यापर्यंत चालत गेली. उन्हात. बांगडे मऊ पडले, मातीमोलाने गेले.

घरी आली आणि बोलली नाही. तुम्हाला सांगतो, जिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पलीकडच्या वाडीतली कुत्री गप्प बसत, ती बाई काही बोलली नाही. पाटी धुतली, पालथी घातली आणि चुलीपुढे बसली. बाबलीला सगळं बाहेरून कळलं. आईने शिव्या घातल्या असत्या तर तो जेवून झोपला असता, पण ती गप्प बसली म्हणून तो जेवणावरून उठला. दारापुढच्या खळ्यात उभा राहून ओरडला, "आये! मी मोटार बांधतलंय! तुका शिटार बसवन कट्ट्याक नेतलंय, आणि त्या सर्विसीच्या फुड्यातसून नेतलंय!"

वाडी हसली. हसायला काय जातं वाडीचं!

बरं, हा बाबली काही अगदीच अडाणी नव्हता हं. मुंबईला धक्क्यावर लाँचीच्या इंजिनात तेल घालायला होता तो. इंजिन त्याला कळत होतं. नुसतं इंजिनच कळत होतं, हे आम्हाला मागाहून कळलं... पण ते येईल पुढे.

सावंतवाडीकडे कुणा इनामदाराच्या गोठ्यात एक जुनी विलायती मोटार पडून होती, गायी तिला अंग घासायच्या. ती बाबलीने उचलली आणि बैल जुंपून वाडीत आणली. मोटारीला बैल! पोरं मागून टाळ्या पिटतायत, बायका पदर तोंडाला लावून उभ्या, आणि हा स्टिअरिंग धरून ताठ बसलेला, जणू लग्नाचा वरच. घरामागच्या मांगरातली जाळी बाहेर, वल्ही बाहेर, मोटार आत. मग कोल्हापूरच्या भंगारातून एक इंजिन आलं, लढाईतल्या मिलिटरी लॉरीचं. लॉरीचं इंजिन त्या एवढ्याशा मोटारीत! बसेना. झाकण लागेना. मग बाबलीने काय केलं? झाकणच काढलं! तिथून त्याला काढायची चटकच लागली. छप्पर काढलं. दारं काढली. चाकांवरचे पत्रे काढले. का रे बाबा? तर म्हणे, "जितकी हलकी, तितकी धावतली."

त्याची बायको तुळसा कपाळाला हात लावून म्हणायची, "लोका गाडी घेतत आणि सजयतत. हेंनी गाडी घेतल्यानी आणि सुंगटासारखी सोलल्यानी!"

खरंच सोललेल्या कोळंबीसारखीच दिसायची हो ती. पुढे उघडं इंजिन, खाली चार चाकं, वर काही नाही. पण एक गोष्ट होती. आईची सीट. इंजिन सुरू व्हायच्याही आधी त्याने ती बनवली होती. फणसाच्या लाकडाची, पाठीला टेका, हाताला टेका, काथ्या भरलेली गादी, आणि पायाशी पाटी ठेवायला कठडा, म्हणजे वळणावर बांगडा सांडू नये! स्वतः कशावर बसायचा? रॉकेलच्या डब्यावर. मी कशावर बसलो ते विचारूच नका.

आणि आवाज! धूर बाहेर टाकायच्या नळीवरचा तो डबा असतो ना, आवाज दाबणारा, तोही बाबलीने काढला, वजन कमी करायला! पहिल्यांदा इंजिन पेटलं तेव्हा पलीकडच्या घरातल्या हौसाबाईची म्हैस दावं तोडून जी पळाली ती संध्याकाळी परत आणावी लागली. हौसाबाई दारात येऊन कडाकडा बोलली, "माझी म्हस दूध देयना, तुझी मोटार दूध देतली काय रे मेल्या?" बाबली हसला. तेव्हा मात्र तो एकटाच हसत होता!

मी विचारलं, "बाबली, ब्रेकचं काय?"

म्हणाला, "आसा मां, थोडो थोडो लागता."

"थोडो?"

"लाँचीक खंय ब्रेक आसता? आणि तरी लाँची थांबतत मां? नांगर टाकूचो!"

घ्या! आता यावर तुम्ही काय बोलणार? आमची सगळी वाडी दर्यावर जगलेली, आम्हा सगळ्यांना ते पटलं हो! थांबायचं म्हणजे नांगर टाकायचा, यात चूक काय? कुणीसुद्धा म्हणालं नाही की बाबा रे, समुद्राच्या तळाला चिखल असतो, रस्त्याला खडी असते. हसा! हसायला काय जातं तुमचं, तुम्ही डांबरावर वाढलेले!

मग निघायचा दिवस. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्यात कोंबडीसुद्धा अंड्यावर बसत नाही, तिथे मोटार निघणार? भिकाजी आजा आला, वाडीचा मानकरी, नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू झाला, "बा देवा म्हाराजाऽऽ, आज ह्यो तुझो बाबली आवशीक घेवन मोटारीतसून भायर पडता हा, तेका येस दी म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेच्या वाटेत जो कोण आडो येयत तेका बाजूक कर म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"ही मोटार खंय अडा नको, खंय थांबा नको, अशी कर म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो! छाती फुगवून ओरडलो! थांबा नको म्हणून ओरडलो! देवाला काय, त्याने ऐकून घेतलं.

यमुनाबाई सीटवर बसली. पाटी कठड्यात, पदर कमरेला, नजर समोर. मी मागे, मांडीवर नांगर. आणि गाडी सुटली! सुटली म्हणजे काय, माझी टोपी वाडीतच राहिली, माडामागून माड, माडामागून माड, कोंबड्या आकाशात, भिकाजी आजा नारळासकट दगडी गडग्यावर, आणि बाबली ओरडतोय "आये, बरा वाटता मां?" आणि ती ओरडतेय "फुड्यात बग रे मेल्याऽऽ!"

स्टँडावर बघतो तर सर्विस गेलेली. बाबलीने दात खाल्ले आणि पाय दाबला. घाटीच्या पायथ्याशी वळलो, आणि काय सांगू तुम्हाला, समोर चढणीवर सर्विस मोटार बंद! नाकातून वाफ, पाणी उकळून भुसभुस चाललेलं, ड्रायव्हर टोपीने वारा घालतोय, आणि सगळी माणसं खाली उतरून मागून धक्का मारतायत. त्यात कोण? कोटवाले! तेच! छत्री काखेत, कोटाला घाम, आणि तोंडाने "हुप्पा हुय्या"! आली की नाही उतरायची पाळी?

आम्ही बाजूने सुसाट पुढे गेलो. जिंकलो होतो हो! तेवढ्यात यमुनाबाई म्हणाली, "थांबव रे. माका त्या गणपताचा तोंड बगूचा आसा."

बाबलीने ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला, गाडी आपली चाललीच आहे. पुन्हा दाबला. काही नाही. "सहदेवा! नांगर!"

टाकला. डोळे मिटून टाकला. खडीवर खणखण उडत तो मागे गेला, आणि जाऊन अडकला कुठे? सर्विस मोटारीच्या पुढच्या आडव्या दांडीत! दोर ताणला, असा हिसका बसला की माझे दात एकमेकांना भेटले. मला वाटलं, संपलं. पण दोर होडी ओढायचा, नवा कोरा, आणि इंजिन मिलिटरीचं! गाडीने एकदा मान खाली घातली, गुरगुरली... आणि सर्विस हलली! हलली हो! मागचे धक्का मारणारे सगळे पालथे, कोटवाले छत्री उगारून मागून धावतायत, "अहो! अहो, मी राहिलो!" आणि दाराला लोंबकळणारा गणपत बोंबलतोय, "रे दोर सोड! दोर सोड!" मग त्याच्या लक्षात आलं की सर्विस चढण चढतेय. मग बोंबलला, "रे सोडू नको! सोडू नको!"

असे आम्ही कट्ट्यात शिरलो. पुढे यमुनाबाई, मागे सर्विस. थांबलो कसे? सर्विसच्या ड्रायव्हरने त्याचा ब्रेक दाबला म्हणून! ब्रेक त्याचा, इंजिन आमचं. आता हसा ना!

बाजार गोळा झाला. गणपत उतरला, मान खाली घालून गाडीपाशी आला. सगळे पुढे सरकले. यमुनाबाईचं तोंड आता सुटणार! ती नुसती बघत राहिली. त्याने हात पुढे केले. "दी, पाटी मी घेतंय."

"वास येतलो हां."

"येवंदे." पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली त्याने. बांगड्याचं पाणी कानावरून ओघळतंय, तसाच बोलला, "चुकला माझा. उद्या सर्विसीतना ये, यमुनाबाय. फुडल्या शिटार."

बाबलीची छाती काय फुगली म्हणून सांगू! त्याने रात्रभर... नाही, रात्री झोपला तो, मेल्यासारखा झोपला. पण सकाळी उठून गाडी पुसली, गादी झटकली, इंजिन पेटवलं. यमुनाबाई बाहेर आली. नवं लुगडं, डोक्यावर पाटी. आणि गाडीच्या बाजूने सरळ पुढे चालायला लागली.

"आये, खंय?"

"सर्विसीक."

"आणि ही गाडी? तुझ्यासाठी बांधलंय मां मी!"

ती थांबली. सीटवरून हात फिरवला तिने, मायेने फिरवला, मी बघितलंय. म्हणाली, "गाडी बरी आसा रे पुता. पण माका गाडी खंय होयी होती? तेंनी माका माझ्या जागेवयसून उठयल्यानी. माका माझी जागा होयी होती. ती गावली."

  बाबली उघड्या गाडीशेजारी उघडा पडल्यासारखा उभा. ती थोडी पुढे गेली आणि वळून म्हणाली, "पण ती सर्विस चढणीर बंद पडता. तू आपलो मागसून ये."

आणि तो जातो हो! रोज जातो! यमुनाबाई पुढच्या सीटवर, शेजारी कोटवाले, नाक धरून बसतात, पण बसतात. ड्रायव्हर आताशा इंजिनात पाणीसुद्धा घालत नाही, त्याला काय, चढणीवर मागून ढकलायला मिलिटरी आहे! आणि ज्या सर्विसच्या पुढे जायला गाडी बांधली, त्याच सर्विसच्या मागून बाबली तिचा धूर खात चाललेला, काळाकुट्ट झालेला. मी परवा न राहवून विचारलं, "अरे, एवढी धावणारी गाडी तुझी, एकदा तरी काढ की पुढे!"

डोळे पुसत म्हणाला, "कशी काडू? फुड्यात आवस बसली हा."