यादीतून गळालेली ओळ

दवाखान्याच्या स्क्रीनवर एकेक नाव येत होतं. म्हातारा गवंडी दोन तास डोळ्यांत तेल घालून आपलं नाव शोधत होता. अक्षरं साठीनंतर शिकलेली, तेव्हा आपलंच वाचायचं राहून गेलं असणार, असं त्याला वाटत होतं. शेजारी यादीचं काम करणारे दोघे, एक ताई आणि तिच्या हाताखालचा पोरगा, लॅपटॉप उघडून बसले होते.

"ताई, माहितीची तिन्ही टेबलं जोडली. पेशंट, डॉक्टर आणि वेळ."

"कशी जोडलीस?"

"लॅम्ब्डा लिहून, म्हणजे बिननावाचं छोटंसं फंक्शन. पेशंट आणि डॉक्टर, दोन्ही टेबलांतला डॉक्टरचा नंबर जुळला, की ओळ येते."

"आणि पेशंटला अजून डॉक्टरच दिला नसेल तर?"

"तर ओळ गळते. पण असा कोण असणार, ताई?"

"मी आहे की!" गवंडी म्हणाला. "पहिल्यांदाच आलोय. कोणता डॉक्टर ते नंतर सांगतो म्हणाले."

"घे! पुरावा शेजारीच बसलाय. डॉक्टरची जागा रिकामी राहू दे, पण पेशंटची ओळ ठेव."

"ठेवली. आजोबा, बघा आता."

गवंडी उठून स्क्रीनजवळ गेला. विटेवर वीट तपासावी तसं त्याने आपल्या नावाचं अक्षर अन् अक्षर तपासलं.

"नाव चुकलंय का, आजोबा?"

"नाही रे पोरा. मला वाचता येतं, एवढंच बघत होतो."