पाव्हणं कुठलं?

भाड्याची खोली घ्यायला जाताना आईला बरोबर नेऊ नका, एवढं माझं ऐका. मला कुपवाडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. खोली फोनवरच ठरली होती, म्हणून लोणंदहून टेम्पो भरून आम्ही थेट सांगली गाठली. घरमालक काका किल्ली हातात धरून फाटकात उभे.

"लोणंदकर म्हणजे गावावरनं पडलेलं आडनाव. पाव्हणं कुठलं तुमचं? मामाचं आडनाव काय?"

"फलटणकर."

तेही गावाचंच निघालं! काका जरा वैतागले. "बरं, कुलदैवत कुठलं?"

प्रश्नांचा रोख माझ्या लक्षात आला. आईच म्हणाली, "आवं भाऊ, आमी बौद्ध हाय."

किल्ली गुमान खिशात गेली. "आम्ही जातपात मानत नाही हो. पण खोलीचा कालच दुसऱ्याला शब्द दिलाय, विसरलोच बघा."

फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लटकत होती. आईनं तिच्यावर बोट ठेवलं. "मग कुणाला द्यायची न्हाई ते बी हितंच लिवा की. लोकांचा हेलपाटा तरी वाचंल."

"असं कसं लिहिणार, मावशी? कायद्यात बसत नाही ते."

"मगाशी पाव्हणं इचारलासा न्हवं?" टेम्पोत चढता चढता आई म्हणाली. "त्यो कायदा ज्येनी लिवला, त्येच आमचं पाव्हणं."