मोरितासाहेब गप्प का बसले

उद्धवराव : बैठकीत 'नाही' हा शब्द मोरितासाहेबांच्या तोंडून जपानीत आला का? दुभाषी म्हणून एवढंच सांग, प्राजक्ता.

प्राजक्ता : शब्द नाही आला, सर. 'हे जरा अवघड आहे' म्हणाले आणि मग मान खाली घालून गप्प बसले.

उद्धवराव : मग कामगारांना मराठीत 'साहेबांचा नकार आहे' असं सांगितलंस ते कुठून आणलंस? पोरं मशिनी सोडून गेटवर बसलीयेत. उद्या हेड ऑफिसला एचआर म्हणून उत्तर मी द्यायचं.

सुजित : ताईंमुळं न्हाई बसली, साहेब. आमच्या कोंडाजीची बोटं गेली त्या प्रेसमंदी. हात आत जाऊ नये म्हनून गार्ड बसवा, तवर प्रेस बंद ठेवा. दुसरं काय मागितलं आमी?

उद्धवराव : तुमचं म्हणणं कळलं, सुजित. मी हिला विचारतोय.

प्राजक्ता : सर, मी जपानी साहित्यात एम.ए. करतेय. त्यांच्या कथा-कवितांत मुख्य गोष्ट पुष्कळदा लिहीतच नाहीत, मोकळी सोडतात. रिकाम्या जागेतही अर्थ असतो, असा विचार आहे त्यामागे. मी नुसते शब्द सांगितले असते तर ते अर्धवट झालं असतं.

उद्धवराव : हे मला नको शिकवू. माझे सासरे आमचं घर बघून गेले तेव्हा 'कळवतो' म्हणाले. अख्खं गाव धरून चाललं, सोयरीक मोडली. आठ दिवसांनी होकार आला! तुझ्या हिशेबानं माझं लग्नच झालं न्हाई. आता बाहेर जा आणि सांग, 'माझं चुकलं, साहेब विचार करतायत.' पोरं कामाला लागतील.

प्राजक्ता : आणि प्रेसही सुरू होईल.

सुजित : ताई, तुमी सांगितलं तर पोरं ऐकतील. म्हनून विचारतो. तुमची खात्री हाय का?

प्राजक्ता : होती.

उद्धवराव : होती म्हणजे?

प्राजक्ता : मी त्यांना उलटून विचारलंच नाही, सर. मला वाटलं, मला कळलंय. आता आत जाऊन विचारते. एकटी जाते, सगळ्यांसमोर ते बोलायचे नाहीत.

उद्धवराव : हेही पुस्तकातलंच?

प्राजक्ता : नाही. सगळ्यांसमोर कुणालाही जड जातं.

उद्धवराव : जा. पण 'मी नकार दिलाच नव्हता' असं म्हणाले, तर तुझी नोकरी मला वाचवता येणार न्हाई.

(प्राजक्ता मोरितासाहेबांच्या केबिनमध्ये जाते. बऱ्याच वेळानं परत येते.)

उद्धवराव : बोल.

प्राजक्ता : नकार नव्हता, सर.

सुजित : मंग?

प्राजक्ता : गार्ड बसेपर्यंत प्रेस बंद राहील. 'अवघड आहे' म्हणाले ते मागणीबद्दल नव्हे, कोंडाजीची माफी मागायची राहिली त्याबद्दल. कोंडाजी दवाखान्यात, आणि त्याला तोंड न दाखवता इथं एसीत बसून तुमच्याशी बोलायचं, हे त्यांना जमेना. आधी त्याला भेटायचं होतं त्यांना.

सुजित : का पोरं गेटवर बसली, म्हनून आता असं म्हनाय लागलेत?

प्राजक्ता : तेही असेल. मला नाही सांगता येणार, सुजितभाऊ.

उद्धवराव : म्हणजे तू चुकलीस.

प्राजक्ता : हो. ते गप्प बसले, आणि मला जे वाटत होतं तेच मी त्यात वाचलं. बाहेर मीच सांगते तसं.

उद्धवराव : वेडी आहेस का? प्रेस बंद राहणार, एवढंच सांग. पुढच्या बैठकीला तुझ्यावर कोण विश्वास ठेवील?

सुजित : सांगू द्या, साहेब. मी उभा राहतो ताईंच्या बाजूला.

उद्धवराव : आणि साहेब तुझ्याबद्दल काय म्हणाले, प्राजक्ता?

प्राजक्ता : काही नाही. खाली गाडीत जाऊन बसलेत, दवाखान्यात निघालेत. मला बरोबर चल म्हणाले.

उद्धवराव : कोंडाजीशी काय बोलणार आहेत?

प्राजक्ता : माहीत नाही. बोलतील तेवढंच सांगेन.

सुजित : अन् तितंबी गप्प बसले तर?

प्राजक्ता : तर मीही बसेन.